मूळ डब्यातले विष : जुन्या मोटारसायकलीला कोणते लायनर घालावे?

१/
जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास कानी पडते. "खरा ब्रेक लागायचा तो जुन्या ॲस्बेस्टॉसच्या लायनरचाच. हल्लीच्या मालात ती पकड नाही." बोलणाऱ्याच्या मुखावर हरवलेल्या सुवर्णयुगाची कळा असते आणि भोवतालचे माना डोलावतात. आजचा धागा या वाक्याचा समाचार घेण्यासाठी आहे. हे वाक्य अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते पूर्ण खोट्याहून अधिक घातक आहे.

२/
निमित्त सांगतो. गेल्या महिन्यात येझदीसाठी ब्रेक शू शोधत एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने वरच्या फळीवरून पिवळा पडलेला पुठ्ठ्याचा डबा काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मूळ माल आहे, साहेब. ॲस्बेस्टॉसवाला. आता शोधून सापडायचा नाही." किंमत नव्या शूच्या तिप्पट होती. शेजारच्या पायरीवर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा तसलेच लायनर पॉलिश पेपरवर घासत बसला होता आणि दर दोन मिनिटांनी तोंडाने भुकटी उडवीत होता.

३/
तो डबा मी घेतला नाही. परंतु यापूर्वी असे डबे दोनदा अभिमानाने विकत घेतले आहेत, हे आधीच कबूल करतो. त्यामुळे पुढील टीका परक्यांवर नाही, ती आपल्याच पंगतीवर आहे. माझे म्हणणे तीन भागांत आहे. पहिला : 'मूळ' म्हणून ज्याची पूजा चालते ते मूळ नव्हेच. दुसरा : ज्या पकडीचे श्रेय ॲस्बेस्टॉसला दिले जाते, तिचे बरेचसे श्रेय दुसऱ्याच कोणाचे आहे. तिसरा : 'सर्वांत जास्त पकडीचे आधुनिक पॅड' हा आग्रहही तितकाच अडाणी आहे.

४/
प्रथम इतिहास. आरंभीच्या वाहनांना लायनर हा प्रकारच नव्हता. घोडागाडीप्रमाणे लाकडाचा ठोकळा चाकाच्या धावेवर दाबला की झाला ब्रेक. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ पतीला न सांगता दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. उतारांवर लाकडी ठोकळे झिजू लागले तेव्हा वाटेतल्या गावी त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले, असे सांगितले जाते. ब्रेक लायनरचा आद्य पुरवठादार कोण, तर एक चांभार.

५/
त्यानंतर हर्बर्ट फ्रूड. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे चालक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात, हे त्याने पाहिले. १८९७ च्या सुमारास कोम्ब्स या खेड्यात त्याने प्रयोग आरंभले. सुती पट्ट्यांचे विणकाम राळेसारख्या द्रव्यांत भिजवून त्याने घर्षणाचे ठोकळे तयार केले. पुढे स्वतःच्या आडनावातली अक्षरे उलटीपालटी करून, त्यांत पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने 'फेरोडो' हे नाव घडवले. आपल्यातल्या अनेकांच्या तोंडी असलेले हे नाव असे एका दांपत्याचे आहे.

६/
सुती पट्टा मोटारीच्या वाढत्या वेगापुढे जळू लागला, तेव्हा १९०८ मध्ये फ्रूडने ॲस्बेस्टॉसकडे मोर्चा वळवला. हा क्रम ध्यानी घ्यावा. लाकूड अपुरे पडले तेव्हा चामडे आले, चामडे आणि कापूस अपुरे पडले तेव्हा ॲस्बेस्टॉस आले. ब्रेकचा सारा इतिहास 'कालचे टाका, अधिक बरे घ्या' या एकाच वाक्याचा विस्तार आहे. त्या इतिहासाच्या मधल्या एका पानावर बोट ठेवून 'हेच मूळ' असे म्हणणे म्हणजे इतिहासाचा आदर नव्हे. ती केवळ आपल्या वडिलांच्या तारुण्याची आठवण आहे.

७/
अस्सलतेचे कैवारी खरोखर निष्ठावान असते, तर त्यांनी १९०८ पूर्वीच्या यंत्रांना चामड्याचे आणि सुताचे लायनर लावून घाट उतरून दाखवला असता. तसे कोणी करत नाही. टायर नवे घेतो, कारण जुने रबर तडकते. इंजिन तेल नवे घेतो, वायरिंग नवे ओढतो, बॅटरी नवी बसवतो. केवळ ब्रेकपाशी आलो की आपल्या अंगात पुराणवस्तुसंशोधक संचारतो. ज्या भागावर प्राण अवलंबून आहेत, नेमका तोच भाग जुन्या डब्यातून निवडण्याचा हा कोणता विवेक?

८/
प्रतिपक्षाला न्याय दिलाच पाहिजे. ॲस्बेस्टॉस हा ब्रेकसाठी उत्तम पदार्थ होता. त्याचे तंतू चिवट, ते आगीला भीत नाहीत, राळेत नीट बसतात, ड्रमला फारसे ओरबाडत नाहीत, आवाज करत नाहीत आणि स्वस्त पडतात. इतके गुण एका पदार्थात सहसा आढळत नाहीत. म्हणूनच विसाव्या शतकातील बहुतेक काळ जगभरातल्या ब्रेकांवर त्याचे राज्य होते. पण एखादा राजा कार्यक्षम होता एवढ्यावरून त्याचे सारे अपराध क्षम्य ठरत नाहीत.

९/
आता ब्रेक म्हणजे काय ते पाहू. ब्रेक गतीची उष्णता करतो, दुसरे काही करत नाही. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा सुमारे ५९ हजार ज्यूल होते. ३० अंशांचे पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. एकदा कचकन थांबलात की ती सारी दोन चाकांच्या हबमध्ये काही क्षणांत ओतली जाते. वेग निम्मा केला तर उष्णता एक चतुर्थांश होते. वेग हाच ब्रेकचा खरा शत्रू आहे.

१०/
घाटाचा हिशेब याहून कठीण. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हजार मीटरहून अधिक उंची उतरावी लागते. त्याच २४० किलोंसाठी हजार मीटरची स्थितिज ऊर्जा २३ लाख ज्यूलपेक्षा जास्त भरते. म्हणजे ताशी ८० वरून पूर्ण थांबण्याच्या सुमारे ४० खेपा. त्यातील काही भाग वारा खातो, काही इंजिन खाते, उरलेला सारा लायनरच्या माथी. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीला इंजिनाचा आधार बरा मिळतो. जावा, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांना तो फारच थोडा. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनात ॲक्सिलरेटर मिटून फार वेळ उतरणे वंगणाच्या दृष्टीनेही घातक.

११/
अशा वेळी ड्रम ब्रेकचा स्वभावदोष उघडा पडतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, म्हणून लिव्हर अधिकाधिक आत येऊ लागते. लायनरमधली राळ अतितापाने वायू सोडते आणि घर्षण उतरते. यालाच ब्रेक 'फेड' होणे म्हणतात. डिस्कचे उलट आहे. तापलेली डिस्क जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते, शिवाय ती उघड्या वाऱ्यात असते. जुन्या गाडीच्या मालकाने लायनर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न 'पकड किती?' हा नाही. 'तापल्यावर पकड किती उरते?' हा आहे.

१२/
ड्रमचा आणखी एक गुण-दोष पाहा. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ज्या शूचे तोंड असते, त्या शूला ड्रम स्वतःच ओढून घेतो आणि दाब आपोआप वाढतो. त्याला लीडिंग शू म्हणतात. दोन्ही शू लीडिंग असतील तर पुढे जाताना ताकद बरीच वाढते, मात्र चढावर गाडी मागे घसरू लागली की तोच ब्रेक हात टेकतो. या आत्मवर्धनामुळे घर्षण थोडे वाढले तरी ब्रेकची ताकद त्या प्रमाणाबाहेर वाढते. म्हणून ड्रमसाठी 'सर्वांत कडक पकडीचे लायनर' मागणे हा वेडेपणा आहे. ओल्या सकाळी पुढचे चाक अचानक जाम होऊन आपण रस्त्यावर लोळण घेतो, तेव्हा ही भूमिती समजते, पण उशिरा.

१३/
आता मूळ तक्रारीकडे वळू. 'नव्या लायनरला पकडच नाही.' अनुभव खरा आहे, निदान चुकीचे आहे. जुना ड्रम वर्षानुवर्षे झिजून मोठा झालेला असतो, पुष्कळदा अंडाकार झालेला असतो. बाजारातून आणलेला शू नव्या ड्रमच्या मापाचा. तो आत बसवला की लायनर पूर्ण लांबीने टेकतच नाही, मधल्या तळहाताएवढ्या पट्ट्यावर टेकतो. त्यात केबल ताणलेली, कॅमची दांडी झिजलेली, हबच्या सीलमधून ग्रीस पाझरलेले. एवढे सारे झाल्यावर दोष कोणाला? बिचाऱ्या बिनॲस्बेस्टॉस लायनरला.

१४/
पूर्वीचे मिस्त्री काय करत असत? ड्रम लेथवर फिरवून गोल करून घेत. जाड लायनर शूवर रिव्हेटने बसवून ते ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासत. ड्रमच्या आत खडू फासून शू फिरवत आणि जिथे खडू लागला तो उंचवटा कानशीने उतरवत. लायनर पूर्ण टेकेपर्यंत हे चाले. कडेला थोडा उतार देत, म्हणजे तोंड अडकून चाक झटका घेत नसे. तुमच्या स्मरणातली ती लोण्यासारखी पकड ॲस्बेस्टॉसची कमी आणि त्या मिस्त्रीच्या हाताची अधिक होती. आपण कारागिराचे श्रेय दगडाला दिले.

१५/
आणि येथेच या कथेतला क्रूर पेच आहे. ज्या कामामुळे ब्रेक उत्तम होत असे, त्या घासण्या-कापण्या-भोके पाडण्यामुळेच ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडत. ब्रेक जितका निगुतीने जुळवावा, तितकी धूळ अधिक. मालकाला मऊ ब्रेक मिळे आणि किंमत दुसऱ्याची छाती मोजे. ती किंमत काय होती हे जगाला केव्हा कळले, ते पुढच्या तीन मुद्द्यांत.

१६/
रॉचडेल, इंग्लंड. नेली केर्शॉ ही ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे सूत कातणारी कामगार १४ मार्च १९२४ रोजी वारली. वय ३३. तिच्या फुप्फुसांत विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाला खनिज तंतू सापडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने त्याविषयी लिहिले. तिच्या मालकांनी, म्हणजे टर्नर ब्रदर्स कंपनीने, नुकसानभरपाई नाकारली. ही कंपनी ज्या टर्नर अँड न्यूवॉल समूहाचा भाग होती, त्याच समूहाने १९२६ मध्ये फेरोडो विकत घेतली. सूत कातणारीचा श्वास आणि आपला ब्रेक यांचे नाते असे एकाच घराण्यातले आहे.

१७/
१९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. ॲस्बेस्टॉसच्या कापड-उद्योगातील ३६३ कामगार त्यांनी तपासले. चारांपैकी एकाहून अधिकांच्या फुप्फुसांत तंतुमय काठिण्य आढळले. १९३१ मध्ये कारखान्यांसाठी धूळनियंत्रणाचे नियम आले. सन नीट पाहावा. बुलेटची पहिली फौजी मागणी भारतातून गेली १९५२ मध्ये, म्हैसूरला जावा जुळू लागली १९६० च्या दशकाच्या आरंभी. आपल्या आवडत्या गाड्या जन्मण्याच्या वीस-तीस वर्षे आधी हे दुखणे छापील कागदावर होते. 'त्या काळी कोणाला ठाऊक होते?' हे वाक्य यापुढे कृपया वापरू नये.

१८/
१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शांड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. केप प्रांताच्या ॲस्बेस्टॉस खाणींच्या टापूशी बहुतांशी निगडित असे मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण त्यांनी नोंदवले. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. त्यांतील काही जण खाणीत कधीच उतरले नव्हते. केवळ त्या परिसरात राहिले वा बालपणी तेथे खेळले होते. संपर्क आणि आजार यांत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. आज घासलेल्या लायनरचे बिल आपल्या नातवंडांच्या काळात येते आणि तोवर दुकान, दुकानदार व पावती यांपैकी काहीच शिल्लक नसते.

१९/
पुढे ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी लागू झाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी 'कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर' खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर देशात संपूर्ण बंदी अद्याप नाही. म्हणून 'बाजारात मिळते म्हणजे निर्धोक असेल' हा समज येथे चालणार नाही.

२०/
हे सारे रॉचडेलचे, आपले नव्हे, असे वाटत असेल तर मुंबईकडे पाहावे. मुंबईतील ॲस्बेस्टॉसमिश्रित वस्तू बनवणाऱ्या एका गिरणीतील कामगारांची डॉक्टरांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या कामगारांपैकी पाचांतील एकाहून अधिकांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. १९३० च्या ब्रिटिश अहवालातले प्रमाण आणि हे प्रमाण शेजारी ठेवावे. पाऊण शतक गेले, समुद्र ओलांडला, आकडा मात्र फारसा हलला नाही.

२१/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. जाणकार सांगतात, 'ब्रेक लागताना होणाऱ्या प्रखर उष्णतेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे मोठ्या प्रमाणावर फॉर्स्टेराइट या निरुपद्रवी खनिजात रूपांतर होते. गॅरेजमधल्या मेकॅनिकांच्या अनेक पाहण्यांत मेसोथेलिओमाचे प्रमाण वाढलेले दिसलेले नाही.' दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून आहेत. त्या लपवून वाद जिंकणे मला नको.

२२/
परंतु या युक्तिवादाचा आवाका पाहावा. रूपांतर होते ते झिजून, तापून पडलेल्या भुकटीचे. डब्यातून काढलेले कोरे लायनर जेव्हा घासले जाते, कापले जाते, त्यात रिव्हेटची भोके पाडली जातात, तेव्हा उडणारे तंतू कोणत्याही आगीतून गेलेले नसतात. ते जसेच्या तसे असतात. आधुनिक गाडीत तयार शू काढून तयार शू घालतात, घासण्याचे काम जवळजवळ नाही. जुन्या गाडीत तेच मुख्य काम आहे. म्हणजे हा युक्तिवाद जिथे सर्वांत दुबळा, नेमक्या त्याच जागी आपण उभे आहोत.

२३/
पाहण्यांविषयीही एक गोष्ट. त्यांपैकी पुष्कळ पाश्चात्त्य देशांतल्या गॅरेजांतल्या आहेत आणि त्यांतील काहींना खटल्यांत अडकलेल्या वाहन-उद्योगाचा पैसा मिळाला होता. एवढ्याने त्या खोट्या ठरत नाहीत. पण मास्क नाही, पाण्याचा शिडकावा नाही, कंप्रेसरच्या नळीने ड्रम झाडायचा आणि त्याच हाताने वडापाव खायचा, अशा आपल्या पत्र्याच्या शेडमधल्या पोराला त्या पाहण्यांचे कवच देणे शुद्ध अप्रामाणिकपणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गटात ठेवले आहेत. 'पांढरे चालते' ही पळवाट तेथे नाही.

२४/
दुसरा आक्षेप : 'माझी गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर चालते. एक जोडी आयुष्यभर पुरेल. एवढ्याने काय बिघडते?' तुमचे कदाचित काहीच बिघडणार नाही. तुम्ही आयुष्यात दोन जोड्या वापराल. पायरीवरचा तो मुलगा वर्षाला शेकडो घासेल. संध्याकाळी तोच सदरा घालून घरी जाईल आणि आई तो झटकून धुवायला टाकेल. हौस आपली, फुप्फुस त्याचे. आपल्या छंदाचे सौंदर्य दुसऱ्याच्या श्वासावर उभे असेल, तर त्याला रसिकता म्हणू नये.

२५/
आणि शुद्ध स्वार्थाने पाहिले तरी तो पिवळा डबा नकोच. जुन्या साठ्यातले शू अनेकदा रिव्हेटचे नसतात, चिकटवलेले असतात. तीस-चाळीस वर्षे उन्हाळा-पावसाळा खाल्लेल्या चिकटद्रव्यावर भरवसा ठेवता येत नाही. लायनर शूवरून सुटले आणि ड्रममध्ये पाचरीसारखे अडकले की चाक जागीच जाम होते. घाटात हे झाले तर 'मूळ माल' होता याचे समाधान उचलून नेणाऱ्यांनाच लाभते.

२६/
आता दुसऱ्या टोकाची खबर घेऊ. काही तरुण मित्र म्हणतात, 'जुने फेका, सर्वांत भारी सिंटर्ड पॅड टाका.' येथे पुन्हा इतिहास उपयोगी पडतो. लॅम्ब्रेटाच्या टीव्ही १७५ स्कूटरवर १९६२ मध्ये पुढची डिस्क आली, ती केबलवर चालणारी होती. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने हायड्रॉलिक डिस्क घरोघरी नेली. जपान्यांनी डिस्क स्टेनलेस स्टीलची केली, ती गंजत नसे, पण त्या काळच्या पॅडांनी पावसात ती पकडायला भयावह उशीर लागे. त्या दुखण्यावर उतारा म्हणून धातूची भुकटी तापवून, दाबून केलेले सिंटर्ड पॅड पुढे आले. म्हणजे ते एका विशिष्ट डिस्कच्या विशिष्ट रोगावरचे औषध आहे, सर्वांसाठीचे टॉनिक नव्हे.

२७/
तेव्हा निवड धातू पाहून करावी. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची डिस्क (जुन्या इटालियन गाड्यांवर ती पुष्कळदा असते) मऊ असते. तिला ऑरगॅनिक पॅड द्यावे, सिंटर्ड तिला खाऊन टाकते. नॉर्टन कमांडोसारख्या गाड्यांच्या बिडाच्या डिस्कवर क्रोमचा थर असे. त्यालाही सिंटर्ड वर्ज्य, ते क्रोम सोलते. स्टेनलेस डिस्क असेल आणि पॅड बनवणारा त्या गाडीसाठी मान्यता देत असेल, तरच सिंटर्ड. शिवाय सिंटर्ड पॅड उष्णता झपाट्याने कॅलिपरकडे नेते. ब्रेक फ्लुइड जुने, पाणी प्यालेले असेल तर ते उकळते आणि लिव्हर हँडलला टेकते.

२८/
ड्रमसाठी निवड सोपी आहे. ज्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे स्पष्ट छापलेले आहे, असे मध्यम घर्षणाचे ऑरगॅनिक लायनर घ्यावे, शक्यतो अरामिड तंतूंचे. अरामिड म्हणजे केव्हलारच्या कुळातला तंतू. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून केव्हलार जन्मले. ड्रम झिजलेला असेल तर लेथवर गोल करून घ्यावा आणि त्या मापाचे जाड लायनर बसवावे. नंतर गोलाई जुळवावी. हे काम झाल्यावर नव्या लायनरला 'पकड नाही' म्हणणारा मला अद्याप भेटायचा आहे.

२९/
'मूळ'च्या भक्तांसाठी घरचेच एक उदाहरण. जपानमधल्या यामाहा आरडी ३५० ला पुढे डिस्क होती. १९८३ मध्ये भारतात 'राजदूत ३५०' म्हणून ती आली तेव्हा पुढे ड्रम बसवलेला होता. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ती वाऱ्यासारखी धावे आणि थांबताना मालकाला देव आठवे, ही तिची ख्याती आजही ऐकू येते. आता सांगा, हिचे 'मूळ' कोणते? आराखड्यातली डिस्क की येथे मिळालेला ड्रम? मूळ ही पुष्कळदा पवित्र संहिता नसते, कोणा हिशेबनिसाचा निर्णय असतो.

३०/
हात घालण्यापूर्वीचे नियम, फार थोडे. जुन्या ड्रममधली भुकटी ॲस्बेस्टॉसचीच आहे असे गृहीत धरावे. कंप्रेसर, फुंकर, कोरडा ब्रश वर्ज्य. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून फवारा मारावा, ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके व जुने शू दुहेरी पिशवीत बांधून बंद करावे. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा, रुमाल पुरत नाही. नवे लायनरही ओलेच घासावे, कारण बिनॲस्बेस्टॉसची धूळ म्हणजे काही च्यवनप्राश नव्हे. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वीस-पंचवीस वेळा थांबून, मध्ये गार होऊ देऊन लायनर बसवून घ्यावे. घाट त्यानंतर.

३१/
प्रदर्शनांच्या परीक्षकांनाही विनंती. हबच्या आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही, मग त्याला गुण कशाचे देता? द्यायचेच तर ड्रम गोल आहे का, केबल नवी आहे का, गाडी सरळ रेषेत थांबते का, यांना द्या. ज्यांना डब्याचे प्रेम आहे त्यांनी तो डबा न उघडता काचेच्या कपाटात ठेवावा. छपाई सुंदर असते, इतिहास म्हणून तो जपण्याजोगाही आहे. तलवारही आपण भिंतीवर लावतोच, तिने भाजी चिरत नाही.

३२/
शेवट त्या पायरीवर. मी दुकानदाराकडून साधे अरामिडचे लायनर घेतले आणि मुलाला म्हटले, "बाळा, जरा पाणी लावून घास." तो हसला. "पाणी लावलं तर पेपर भरतो काका, वेळ लागतो." मी म्हटले, "लागू दे, मी थांबतो." पाऊण तास लागला. येझदी आता उत्तम थांबते. पण तो पाऊण तास देणारे गिऱ्हाईक दिवसात किती येत असतील, हा प्रश्न मनातून जात नाही. दुकानदार गिऱ्हाइकाचे ऐकतो. पिवळ्या डब्याची तिप्पट किंमत आपण मोजतो म्हणून तो फळीवर आहे. आपण मोजणे थांबवले की तो खाली येईल.

धागा समाप्त. मतभेद असतील तर मुद्द्याचा क्रमांक लिहून मांडावेत, उत्तर अवश्य देईन. 'आमचे आजोबा आयुष्यभर हेच वापरत आणि ९० वर्षे जगले' या प्रतिसादाला मात्र आगाऊ नमस्कार. आजोबा गाडी चालवत होते. ब्रेक कोण घासत होते, त्याचे नाव आठवते का?